दिसणाऱ्या खुणेपासून रेणवीय चिन्हकापर्यंत : गव्हातील तांबेरा-प्रतिकाराच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

रोगट गव्हाच्या पानावरून किंवा खोडावरून बोट फिरवले की बोटाला तांब्याच्या रंगाची भुकटी लागते. या रंगावरूनच शेतकऱ्याने या रोगाला 'तांबेरा' हे नाव दिले. नाव देण्याची ही कृती म्हणजे एक खूण ओळखण्याचीच कृती होय. मात्र ही खूण रोगाची आहे. तांबेऱ्याला दाद न देणारे झाड कोणते, याची खूण शोधण्यास मानवाला बराच काळ लागला. त्या शोधाचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

गव्हावर तीन प्रकारचा तांबेरा पडतो : खोडावरील काळा तांबेरा, पानावरील नारिंगी तांबेरा आणि पट्ट्यांच्या रूपात दिसणारा पिवळा तांबेरा. तिन्ही रोग 'पक्सिनिया' या बुरशीच्या प्रजातींमुळे होतात आणि त्यांचे बीजाणू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. दाणा भरण्याच्या वेळी काळा तांबेरा बळावला तर उभे पीक काही आठवड्यांत वाया जाते. ओंबी दिसते, पण दाणा चिंबलेला निघतो. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नर्मदा खोऱ्यातील गव्हाच्या अशा नाशाची नोंद केली आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारत व त्याला लागून असलेल्या दख्खनच्या भागात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. युद्धोत्तर अन्नटंचाईच्या काळात आलेल्या या साथीने तांबेरा हा राष्ट्रीय अन्नसुरक्षेचा प्रश्न असल्याचे स्पष्ट केले.

आज रोगप्रतिकारक वाणांच्या पैदाशीत 'जनुकीय चिन्हक' अर्थात मार्कर हे साधन महत्त्वाचे मानले जाते. या साधनाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आढळतात. एका समजुतीनुसार चिन्हकांमुळे तांबेऱ्याचा प्रश्न कायमचा सुटला आहे. दुसरीनुसार हे तंत्र म्हणजे परक्या जीवाचे जनुक पिकात घुसवण्याचाच एक प्रकार आहे. या दोन्ही समजुती इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे आवश्यक वाटते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. गव्हातील तांबेरा-प्रतिकाराच्या निवडीचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२. या वाटचालीतील भारताचे व विशेषतः महाराष्ट्राचे स्थान पाहणे.
३. जनुकीय चिन्हकांमुळे नेमके काय बदलले व काय बदलले नाही, याचा विचार करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ते प्रकाशित वैज्ञानिक साहित्यावर आधारलेले आहे. इतर विद्याशाखांतील वाचकांचा विचार करून तांत्रिक संज्ञा शक्य तेथे सोप्या शब्दांत उलगडल्या आहेत.

मेंडेलच्या नियमापासून बुरशीच्या वंशांपर्यंत

रोगप्रतिकार हा आनुवंशिक गुण आहे हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम दाखवून दिले ते केंब्रिजचे रोलंड बिफेन यांनी. १९०० मध्ये मेंडेलच्या संशोधनाचा पुनर्शोध लागला आणि अवघ्या ५ वर्षांनी, १९०५ मध्ये, बिफेन यांनी पिवळ्या तांबेऱ्याला प्रतिकार करणाऱ्या व बळी पडणाऱ्या गव्हांच्या संकराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या पिढीत रोगट व निरोगी झाडांचे प्रमाण सुमारे ३ : १ असे आढळले. म्हणजेच त्या संकरात प्रतिकार हा अप्रभावी गुण म्हणून मेंडेलच्या नियमानुसार संक्रमित होत होता. या निष्कर्षामुळे रोगप्रतिकारासाठी हेतुपूर्वक संकर करण्याला शास्त्रीय अधिष्ठान मिळाले.

तथापि, प्रतिकार हा केवळ पिकाचा गुण नाही, हे लवकरच ध्यानात आले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ई. सी. स्टॅकमन यांनी एकाच तांबेऱ्याचे अनेक 'वंश' असतात हे सिद्ध केले. एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्या वंशाला सहज बळी पडू शकतो. हे वंश ओळखण्यासाठी स्टॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ गव्हांचा एक संच ठरवला. कोणता गहू रोगट होतो व कोणता तग धरतो, यावरून वंशाची ओळख पटत असे. या १२ गव्हांमध्ये 'खपली' हे नाव आहे, ही बाब मराठी वाचकास विशेष वाटावी. महाराष्ट्र व कर्नाटकात खीर आणि पुरणपोळीसाठी नावाजला गेलेला हा गहू काळ्या तांबेऱ्याला चांगला प्रतिकार करणारा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीच्या संकरातून 'खॅपस्टीन' हा गहू तयार केला. एसआर १३ व एसआर १४ ही प्रतिकारक जनुके त्याच्याद्वारे खपलीकडूनच शास्त्राला लाभली आहेत. येथे 'एसआर' हे खोडावरील, 'एलआर' हे पानावरील आणि 'वायआर' हे पिवळ्या तांबेऱ्याच्या प्रतिकारक जनुकांचे संक्षिप्त नाव आहे.

१९४० च्या दशकात एच. एच. फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून पिकातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक अनुरूप जनुक असते, असा सिद्धान्त मांडला. बुरशीतील त्या एका जनुकात बदल झाला की पिकाचे ते प्रतिकारक जनुक निष्प्रभ होते. पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली या सिद्धान्तात आहे. प्रतिकार एकाच जनुकावर अवलंबून असेल, तर बुरशीला एकच पायरी ओलांडायची असते.

भारतातील तांबेरा-संशोधन आणि महाराष्ट्र

भारतातील तांबेरा-संशोधनाचा पाया एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने घातला, ही बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. आग्रा कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांच्यापुढे प्रश्न असा होता : उत्तर भारताच्या मैदानात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी होते आणि नंतरच्या कडक उन्हाळ्यात बीजाणू जिवंत राहू शकत नाहीत. मग पुढच्या हंगामात तांबेरा येतो कोठून? युरोप-अमेरिकेत 'बार्बेरी' हे झुडूप काळ्या तांबेऱ्याचे दुसरे यजमान असते. भारतात मात्र या झुडपाचा साथीशी संबंध नाही, असे मेहता यांनी दाखवून दिले. हिमालयात आणि दक्षिणेकडील निलगिरी व पळनीच्या डोंगरांत गव्हाच्या अवेळी पिकावर व आपोआप उगवलेल्या रोपांवर तांबेरा टिकून राहतो आणि तेथून वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९३० मध्ये सिमल्याच्या फ्लॉवरडेल येथे त्यांनी सुरू केलेले संशोधनकेंद्र आजही तांबेऱ्याच्या वंशांवर नजर ठेवण्याचे काम करते. पुढे एस. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानशास्त्राची जोड देऊन, दक्षिणेतील डोंगरांवरचे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतात कसे पोहोचतात, हे स्पष्ट केले.

या भूगोलात महाराष्ट्राचे स्थान मध्यावर आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या बीजाणूंना सामोरा जाणारा हा प्रदेश असल्यामुळे येथे काळा व नारिंगी हे दोन तांबेरे महत्त्वाचे ठरतात. महाबळेश्वरच्या थंड व दमट हवेत गव्हाच्या वाणांची तांबेऱ्यासाठी परीक्षा घेणारे केंद्र उभे राहिले, ते याच कारणाने. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे गव्हाच्या पैदाशीचे काम झाले. केन्यातील तांबेरा-प्रतिकारक गहू व 'निफाड ४' यांच्या संकरातून मुंबई राज्याच्या काळात 'केनफाड' नावाचे वाण तयार करण्यात आले. केन्या आणि निफाड यांच्या नावांची ही जोडणी त्या काळच्या पैदासकारांची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती, याची साक्ष देते.

राष्ट्रीय पातळीवर बेंजामिन पिअरी पाल यांचे कार्य मूलभूत ठरले. केंब्रिजमध्ये बिफेन यांच्याच परंपरेत शिक्षण घेऊन आलेल्या पाल यांनी भारतीय कृषी संशोधन संस्थेत रोगप्रतिकारक गव्हाचा दीर्घकालीन कार्यक्रम राबवला. १९५४ मध्ये प्रसारित झालेला 'एनपी ८०९' हा तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा वाण त्यातून मिळाला. अशा प्रकारे हरितक्रांतीच्या आधीच भारतात तांबेरा-प्रतिकाराच्या संशोधनाची भक्कम परंपरा उभी होती. बुटक्या मेक्सिकन गव्हांचे यश विचारात घेताना या पूर्वपीठिकेकडे दुर्लक्ष होते, हे येथे सांगितले पाहिजे.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

'चिन्हक' ही कल्पना रेणवीय जीवशास्त्राच्या आधीची आहे. १९२३ मध्ये कार्ल सॅक्स यांनी घेवड्याच्या बियांचा रंग व त्यांचे वजन यांचा आनुवंशिक संबंध दाखवला. दोन गुणांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतील, तर ती बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात. त्यामुळे सहज दिसणाऱ्या गुणावरून न दिसणाऱ्या गुणाचा अंदाज बांधता येतो. चिन्हकाचे संपूर्ण तर्कशास्त्र एवढेच आहे.

गव्हाच्या पैदासकारांनी या तर्काचा उपयोग फार पूर्वीपासून केलेला दिसतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण एसआर २ या जनुकाचे आहे. अमेरिकेतील दक्षिण डाकोटा येथे एडगर मॅकफॅडन यांनी १९१६ मध्ये 'यारोस्लाव' हा खपलीच्याच जातकुळीतला गहू आणि 'मार्क्विस' हा पावाचा गहू यांचा संकर केला. त्यातून 'होप' हा गहू तयार झाला. होपमधील एसआर २ हे जनुक पुढे नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतील गव्हांत आले आणि त्यांच्याद्वारे जगभर पसरले. हे जनुक रोपावस्थेत काम करत नाही. झाड मोठे झाल्यावर ते रोगाची वाढ मंदावते, पण रोग पूर्णपणे थांबवत नाही. असे मंद काम करणारे जनुक शेतात ओळखणे अवघड असते. मात्र एसआर २ असलेल्या झाडाच्या ओंबीवरील तुसांवर व खोडाच्या पेऱ्यांजवळ अनेकदा काळपट छटा दिसते. पैदासकार या काळपट छटेवरून झाडे निवडत. तसेच एलआर ३४ हे जनुक असलेल्या झाडांच्या पानांची टोके वाळलेली दिसतात. तीही एक खूणच ठरली.

या दोन्ही जनुकांनी अनेक दशके आपली उपयुक्तता टिकवली आहे. ती रोगाला पूर्ण अटकाव करत नाहीत, म्हणून बुरशीवर त्यांचा दबाव मर्यादित राहतो व त्यांच्यावर मात करणारा वंश सहजासहजी उभा राहत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. याउलट, रोपावस्थेपासून रोग पूर्ण रोखणाऱ्या प्रभावी जनुकांचे आकर्षण पैदासकारांना व बियाणे-यंत्रणेला अधिक वाटत आले. त्यांचे आयुष्य मात्र बहुधा अल्प ठरले. उत्तर अमेरिकेत १९५० ते १९५४ या काळात '१५बी' या वंशाने काळ्या तांबेऱ्याची प्रचंड साथ आणली. भारतात १९६७ च्या सुमारास प्रसारित झालेला 'कल्याणसोना' हा लोकप्रिय वाण १९७० च्या दशकाच्या आरंभीच पानावरील तांबेऱ्याला बळी पडू लागला.

दिसणाऱ्या खुणांच्या मर्यादाही येथे नोंदवल्या पाहिजेत. तुसांचा काळेपणा हवामानानुसार कमी-अधिक होतो. पानाची टोके इतर कारणांनीही वाळतात. शिवाय अशा खुणा फारच थोड्या जनुकांना लाभल्या आहेत. बहुसंख्य प्रतिकारक जनुकांसोबत डोळ्यांना दिसणारी कोणतीही खूण नसते.

रेणवीय चिन्हकांचा उदय

१९८० मध्ये डेव्हिड बॉटस्टाइन व सहकाऱ्यांनी डीएनएमधील नैसर्गिक फरकच खुणा म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांनी शोधलेल्या पीसीआर तंत्रामुळे डीएनएच्या इच्छित तुकड्याच्या असंख्य प्रती अल्पावधीत तयार करणे शक्य झाले. या तंत्रामुळे चिन्हकांचा वापर सोपा व स्वस्त झाला. गव्हाच्या बाबतीत हे काम विशेष कठीण होते. पावाच्या गव्हात तीन वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे तीन संच आहेत व एकूण गुणसूत्रे ४२ आहेत. त्याचा जनुकसंच मानवी जनुकसंचाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. १९९८ मध्ये जर्मनीतील मारियन रोडर व सहकाऱ्यांनी गव्हाचा 'मायक्रोसॅटेलाइट' चिन्हकांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा जगभरच्या पैदासकारांच्या हाती एक सामाईक साधन आले. २०१८ मध्ये गव्हाच्या जनुकसंचाचा संपूर्ण संदर्भ-आराखडा प्रसिद्ध झाला. या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात २ए या गुणसूत्राची जबाबदारी भारतीय संस्थांनी सांभाळली होती.

या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा दुर्लक्षणीय नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आघारकर संशोधन संस्था येथील संशोधकांनी सहकार्याने एलआर २८ या जनुकाशी निगडित रेणवीय चिन्हक शोधून १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. एलआर २८ हे जनुक मूळचे गव्हाचे नाही. गव्हाच्या 'एजिलॉप्स' या रानटी भाऊबंदाकडून ते गव्हात आले आहे. मेरठ येथील चौधरी चरण सिंह विद्यापीठात प्रा. पी. के. गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याच सुमारास गव्हाच्या चिन्हकांवर मोलाचे काम सुरू केले. विद्यापीठे व प्रयोगशाळा एकत्र आल्या तर आपल्याकडेही या क्षेत्रात मूलभूत काम होऊ शकते, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

चिन्हक नेमके काय करते?

चिन्हकाधारित निवडीची पद्धत थोडक्यात अशी आहे. रोप लहान असतानाच पानाचा छोटा तुकडा घेऊन त्यातून डीएनए वेगळे करतात. पीसीआरच्या साहाय्याने विशिष्ट तुकड्याच्या प्रती काढतात व जेलवर त्यांचे पट्टे पाहतात. अपेक्षित पट्टा दिसला तर ते रोप ठेवायचे, अन्यथा काढून टाकायचे. या पद्धतीत बाहेरून कोणतेही जनुक प्रयोगशाळेत घुसवले जात नाही. संकर नेहमीप्रमाणे परागसिंचनानेच होतो. चिन्हक केवळ ओळखण्याचे काम करते. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर 'जनुकीय' या शब्दाभोवती जो वाद उभा राहिला, त्यात हा भेद अनेकदा पुसला गेला. तो स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे.

केवळ वेळ वाचवणे एवढाच चिन्हकाचा उपयोग असता, तर त्याचे ऐतिहासिक महत्त्व मर्यादित राहिले असते. त्याचे खरे महत्त्व पुढील उदाहरणावरून समजते. समजा, दोन प्रभावी प्रतिकारक जनुके एकाच वाणात आणायची आहेत. दोन्ही जनुकांना दबून असलेल्या वंशाने दुसऱ्या पिढीतील रोपांची परीक्षा घेतली, तर १६ पैकी सरासरी १५ रोपे निरोगी दिसतील. कारण दोहोंपैकी कोणतेही एक जनुक असले तरी रोप वाचते. परंतु दोन्ही जनुके शुद्ध म्हणजे समयुग्मी स्वरूपात असलेले रोप १६ मध्ये सरासरी एकच असते. ते एक रोप त्या १५ निरोगी रोपांत नजरेने ओळखणे अशक्य आहे. तीन जनुके हवी असतील तर असे रोप ६४ मध्ये एक असते. रोगाच्या परीक्षेत एक जनुक दुसऱ्याला झाकून टाकते, पण चिन्हक प्रत्येक जनुकाची स्वतंत्र साक्ष देते. म्हणूनच फ्लोर यांच्या सिद्धान्तातून पुढे आलेला उपाय, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र मांडणी करून बुरशीसमोर एकाच वेळी अनेक अडथळे उभे करणे, चिन्हकांमुळे व्यवहारात आला.

दुसरा उपयोग पश्चसंकरात होतो. एखाद्या लोकप्रिय वाणात एकच नवे जनुक आणायचे असेल, तर संततीचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात. पहिल्या संकराच्या संततीत मूळ वाणाचा वाटा ५० टक्के असतो. पुढील प्रत्येक पश्चसंकरात तो सरासरी ७५, ८७.५ व ९३.७५ टक्के असा वाढत जातो. रानटी भाऊबंदाकडून आलेल्या जनुकासोबत नको असलेले गुणही येतात. उदाहरणार्थ, एलआर १९ सोबत पिठाचा पिवळेपणा आला, तर एसआर ३१ ज्या राय धान्याच्या गुणसूत्रखंडावर आहे त्यामुळे पावाच्या कणकेत चिकटपणा येतो. चिन्हकांच्या साहाय्याने नको असलेला भाग कमी व मूळ वाणाचा भाग अधिक असलेली रोपे लवकर निवडता येतात.

पीबीडब्ल्यू ३४३ आणि यूजी ९९

चिन्हकांची गरज व मर्यादा या दोन्ही गोष्टी अलीकडच्या दोन घटनांतून स्पष्ट होतात.

पहिली घटना आफ्रिकेतील आहे. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा वंश आढळला. पुढे तो 'यूजी ९९' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याने एसआर ३१ या जनुकावर मात केली होती. हे जनुक जगातील असंख्य वाणांत होते आणि त्याच्या भरवशावर काळ्या तांबेऱ्याचा प्रश्न जवळजवळ विस्मरणात गेला होता. हा वंश केन्या व इथिओपियात पसरला. २००६ मध्ये तो येमेनमध्ये व २००७ मध्ये इराणमध्ये आढळला. नव्वदी ओलांडलेल्या बोरलॉग यांनी २००५ मध्ये जगाला याविषयी सावध केले. केन्यातील न्योरो येथे भारतासह अनेक देशांच्या गव्हांची या वंशासमोर परीक्षा सुरू झाली. काळ्या तांबेऱ्याविरुद्धची अनेक जनुके एकत्र आणण्यासाठी चिन्हकांचा वापर वेगाने वाढला. २००३ पासून एसआर २ साठी उपयुक्त रेणवीय चिन्हक उपलब्ध होते. एलआर ३४ चे चिन्हक २००६ मध्ये आणि प्रत्यक्ष जनुक २००९ मध्ये उलगडले गेले. ज्या दोन जनुकांना पूर्वीचे पैदासकार काळपट तुसांवरून व वाळलेल्या पानांवरून ओळखत, तीच जनुके आता जेलवरील पट्ट्यावरून ओळखली जाऊ लागली.

दुसरी घटना आपल्या देशातील आहे. १९९५ मध्ये प्रसारित झालेला 'पीबीडब्ल्यू ३४३' हा वाण वायव्य भारतात इतका लोकप्रिय झाला की एके काळी तो सुमारे ७० लाख हेक्टरांवर घेतला जात होता. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध त्याचा भर वायआर ९ व वायआर २७ या जनुकांवर होता. १९९६ मध्ये वायआर ९ वर मात करणारा वंश व २००१ च्या सुमारास वायआर २७ वर मात करणारा वंश भारतात आढळला. पुढील दशकात पंजाब व आसपासच्या भागांत पिवळ्या तांबेऱ्याच्या साथी आल्या. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने चिन्हकांच्या साहाय्याने रानटी एजिलॉप्सकडून आलेली प्रतिकारक जनुके या वाणात आणली व २०१७ मध्ये 'उन्नत पीबीडब्ल्यू ३४३' प्रसारित केला. चिन्हकाधारित पैदाशीचे हे भारतातील एक महत्त्वाचे यश होय.

परंतु दरम्यानच्या काळात शेतकऱ्याने वाण बदलला होता. २०११ मध्ये प्रसारित झालेल्या 'एचडी २९६७' ने विस्तीर्ण क्षेत्र व्यापले आणि कालांतराने तोही पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडू लागला. म्हणजे प्रयोगशाळेत अनेक जनुकांची मांडणी शक्य होत असतानाच शेतात मात्र एकाच वाणाचे वर्चस्व ही जुनी रीत चालूच राहिली.

चिन्हकांच्या मर्यादा

वरील विवेचनावरून चिन्हकांच्या तीन मर्यादा लक्षात येतात.

पहिली मर्यादा अंतराची आहे. चिन्हक व जनुक यांच्यात ५ टक्के पुनर्संयोजन होत असेल, तर १०० पैकी सुमारे ५ जननपेशींत ते एकमेकांपासून सुटतात. अशा वेळी पट्टा दिसतो, पण जनुक नसते. जनुकाच्या आतील चिन्हके मिळू लागल्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. चिन्हक जनुकाची उपस्थिती सांगते, त्याची उपयुक्तता सांगत नाही. एलआर १९ वर मात करणारा वंश भारतात आढळल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील काळात पुण्यात ज्याचे चिन्हक शोधले गेले, त्या एलआर २८ वरही मात करणारे वंश भारतात सापडले. या दोन्ही प्रसंगी चिन्हक खरेच सांगत होते. जनुक रोपात होते, परंतु बुरशी बदलली होती. जेलवर तोच पट्टा उमटत असताना शेतात पान रोगट होऊ शकते. ही माहिती प्रयोगशाळेतील यंत्र देत नाही. ती फ्लॉवरडेल, महाबळेश्वर व निलगिरीतील वेलिंग्टन यांसारख्या केंद्रांत वर्षानुवर्षे चालणाऱ्या निरीक्षणातूनच मिळते.

तिसरी मर्यादा सामाजिक व संस्थात्मक आहे. शेतकऱ्याला जनुक दिसत नाही. त्याला दिसते ते उत्पन्न, दाण्याचा रंग, बाजारभाव व चपातीची चव. एका जनुकाचा वाण आणि चार जनुकांचा वाण त्याच्या दृष्टीने सारखेच निरोगी असतात, आणि बुरशी बदलल्यावर त्यातला फरक त्याला पिकाच्या नुकसानीतून समजतो. म्हणून कोणते वाण किती क्षेत्रावर असावेत, बियाणे कोणत्या वेगाने बदलावे आणि एकाच जनुकावर किती भिस्त ठेवावी, हे निर्णय सार्वजनिक यंत्रणेने घ्यावयाचे असतात. त्यांचा भार चिन्हकावर टाकता येत नाही.

निष्कर्ष

१. जनुकीय चिन्हक ही पूर्वपरंपरेपासून तुटलेली नवी कल्पना नाही. काळपट तुसांवरून झाड निवडणाऱ्या पैदासकाराचेच तर्कशास्त्र रेणवीय पातळीवर पुढे नेले गेले आहे.

२. चिन्हकांचे खरे ऐतिहासिक महत्त्व वेगापेक्षा अनेक जनुके एकत्र आणण्याच्या क्षमतेत आहे. एका जनुकामागे दडलेले दुसरे जनुक नजरेला दिसू शकत नाही, ते चिन्हकाला दिसते.

३. चिन्हकाधारित निवड आणि परक्या जनुकाचे रोपण या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास एका उपयुक्त साधनाविषयी अनाठायी संशय निर्माण होतो.

४. कल्याणसोना, पीबीडब्ल्यू ३४३, एचडी २९६७ आणि आफ्रिकेतील यूजी ९९ यांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. विस्तीर्ण क्षेत्रावर मोजक्याच जनुकांची व वाणांची भिस्त धोक्याची ठरते. हा धोका तंत्रज्ञानाने कमी करता येतो, पण धोरणाशिवाय टाळता येत नाही.

५. खपली व गव्हाचे रानटी भाऊबंद यांनी प्रतिकाराची जनुके पुरवली आहेत. या वारशाचे जतन ही पैदाशीची पूर्वअट आहे. जे वाण नामशेष झाले, त्यांच्यातील जनुक कोणतेही चिन्हक परत आणू शकत नाही.

प्रा. करमचंद मेहता यांनी आग्र्याच्या महाविद्यालयात असताना 'तांबेरा येतो कोठून?' हा साधा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी वर्षानुवर्षे डोंगर व मैदाने पालथी घातली. आज प्रयोगशाळेत जनुक ओळखण्यास काही तास पुरतात, परंतु बुरशी काय करत आहे हे जाणण्यासाठी शेतात जाऊनच पाहावे लागते. ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग गव्हाच्या शेतांच्या अगदी जवळ आहेत. तांबेऱ्याच्या नोंदी ठेवण्याच्या कामात ते सहभागी झाले, तर चिन्हकांच्या युगातही मेहता यांची परंपरा आपल्या महाविद्यालयांतून पुढे चालू राहील.